निळ्या भिंगरीला झाड नको आहे

इंटरनेटला आफ्रिकन स्वॅलो माहीत आहे तो एका विनोदामुळे. 'मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल' हा १९७५ चा इंग्रजी सिनेमा. त्यात किल्ल्याच्या तटावरचे शिपाई राजा आर्थरशी हुज्जत घालत बसतात, की एवढासा स्वॅलो नारळ उचलून आणू शकेल का, आणि आणलाच तर तो युरोपियन स्वॅलो असेल की आफ्रिकन. या प्रसंगावर किती मीम्स आणि टीशर्ट निघाले याची गणती नाही. त्या वादात एक शिपाई ठासून सांगतो, की आफ्रिकन स्वॅलो स्थलांतर करतच नाही.

करतो. निदान एक तरी करतो, आणि माझं भांडण त्याच्यावरून आहे. (शिपायाशी नाही. तो बिचारा सिनेमातला.)

स्वॅलोला मराठीत भिंगरी म्हणतात. पायाला भिंगरी लागलेल्या माणसाला आपण ज्या पक्ष्याच्या चालीवरून ओळखावं तसाच हा पक्षी, क्षणभर एका जागी ठरत नाही. आफ्रिकेत भिंगऱ्यांच्या कितीतरी जाती आहेत. मी म्हणते ती हिरुंडो अ‍ॅट्रोसेरुलिया, म्हणजे इंग्रजीत ब्लू स्वॅलो. स्वीडनचे प्राणिशास्त्रज्ञ कार्ल जेकब सुंडेवाल यांनी १८५० साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं. आपण तिला निळी भिंगरी म्हणू. वजन दहा-पंधरा ग्रॅम, म्हणजे तुमच्या हातातल्या फोनच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच रंग. लांबून काळा वाटतो, ऊन पडलं की पोलादासारखा निळा चमकतो. नराच्या शेपटीची बाहेरची दोन पिसं तारेसारखी लांबलचक, मादीची आखूड. कुशीवर काही पांढरी पिसं असतात, पण ती एरवी दिसत नाहीत. पक्षी पंख साफ करायला बसला की मगच डोकावतात.

मी तिला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. तिच्या देशांचं विमानभाडं मला परवडत नाही. फोटो, नकाशे, संशोधकांचे लेख आणि ध्वनिमुद्रणं एवढ्यावर माझी तिची ओळख. पण तिच्याबद्दल लिहायला मला एवढी ओळख पुरेशी वाटते. कारण तिला मारणारी गोष्ट माझ्या रोजच्या ओळखीची आहे. ती माझ्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर जूनमध्ये येते, ऑफिसच्या ईमेलमध्ये येते, नेत्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर येते. ती गोष्ट म्हणजे झाड.

चुकून लिहिलं नाही. निळ्या भिंगरीला झाडं लावून संपवलं जातंय.

हे कसं होतं ते समजायला आधी तिचं घर बघावं लागेल. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला ती दक्षिणेकडे येते. दक्षिण आफ्रिकेचा पूर्व भाग, इस्वातिनी, झिम्बाब्वेचा पूर्वेकडचा डोंगराळ प्रदेश, त्याला लागून मोझांबिक, मलावी, झांबियाचा ईशान्य कोपरा आणि टांझानियाचा दक्षिण भाग. या सगळ्या ठिकाणी तिला हवा असतो एकच प्रकार: उंचावरचं, धुक्याचं, लाटालाटांचं गवताळ माळ. दक्षिण आफ्रिकेत त्याला मिस्टबेल्ट म्हणतात, धुक्याचा पट्टा. समुद्राकडून येणारा ओलावा डोंगरउतारावर चढतो, धुकं होऊन गवतावर बसतो. गवताच्या खोलगट भागांत पाणथळी असतात आणि त्यातून ओहोळ निघतात. एप्रिलमध्ये थंडीची चाहूल लागली की भिंगरी निघते ती व्हिक्टोरिया सरोवराच्या आसपास, युगांडाचा दक्षिण भाग, केनियाचा पश्चिम भाग, काँगोचा ईशान्य भाग. क्वाझुलू-नाताल प्रांतातल्या इक्सोपोहून निघालेल्या पक्ष्याला हा पल्ला एका वेळेचा ३,००० किलोमीटरहून जास्त पडतो. आणि पुढच्या वर्षी ती परत येते ती बहुतेक वेळा त्याच माळावर, कधी कधी त्याच बिळात.

हो, बिळात. भिंगरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वळचणीला, पुलाखाली चिखलाची वाटी चिकटवणारा पक्षी येतो. ही जमिनीखाली घर करते. आर्डवार्क नावाचा एक प्राणी आहे, डुकरासारखा धड, सशासारखे कान, लांब नळीसारखं तोंड. आफ्रिकान्स भाषेत नावाचा अर्थच मातीतलं डुक्कर. रात्री तो मुंग्या आणि वाळवी शोधत जमीन उकरतो आणि मोठाली बिळं करून सोडून जातो. त्या सोडलेल्या बिळाच्या छताला किंवा भिंतीला निळी भिंगरी चिखल आणि गवताची अर्धी वाटी चिकटवते. आत बारीक मुळं, केस आणि पिसं, त्यातही पांढरी पिसं तिला विशेष आवडतात. अंधाऱ्या बिळात पांढरं काही दिसावं म्हणून असेल का, हा माझा आपला अंदाज. खरं कारण भिंगरीला ठाऊक. साधारण तीन अंडी. मादी पंधरा दिवसांच्या आसपास ती उबवते, त्यानंतर पिल्लं तीनेक आठवडे घरट्यात असतात. हंगाम चांगला असेल तर दोन खेपा होतात.

आर्डवार्कचं बीळ नसेल तर पाण्यानं जमीन खचून झालेले खड्डे चालतात. म्पुमलांगा प्रांतात कापशहूप नावाचं गाव आहे. १८८० च्या दशकात तिथं सोनं सापडल्याची हूल उठली आणि लोकांनी डोंगर पोखरून काढला. सोनं फारसं पुरलं नाही, माणसं निघून गेली, खड्डे राहिले. त्या खड्ड्यांत निळ्या भिंगऱ्या राहायला आल्या. माणसाच्या हावेनं केलेलं भोकसुद्धा या पक्ष्यानं संसाराला वापरलं. पाइनच्या लागवडीचं मात्र तिला काहीच करता येत नाही.

का करता येत नाही? कारण भिंगरी हवेत जेवते. गवताच्या शेंड्यांवरून एक-दोन मीटर उंचीवर ती खालवर, मागेपुढे झुलत राहते आणि उडते किडे टिपते. गवत आणि पाणथळ जिथं मिळतात तिथं किडे जास्त. पिल्लांना भरवायचं म्हणजे दिवसभर अशा फेऱ्या, आणि फेरी जवळचीच हवी. आता त्या माळावर तीन-तीन मीटरवर पाइन लावा. दहा वर्षांत काळोखी सावली होते, खाली गवत मरतं, सुयांचा थर साचतो. वाळवी गेली की आर्डवार्क जातो. बीळ ढासळतं, नवं कोणी खणत नाही. पाणथळ सुकते. विशेष म्हणजे यात कुणीही भिंगरीला दगड मारलेला नसतो. उलट फोटो काढला तर हिरवागार येतो.

दक्षिण आफ्रिकेत पाइन, निलगिरी आणि वॉटल यांच्या व्यापारी लागवडीखाली सुमारे १२ लाख हेक्टर जमीन आहे आणि तिचा सगळ्यात मोठा वाटा नेमका म्पुमलांगा आणि क्वाझुलू-नाताल या दोन प्रांतांत आहे. म्हणजे जिथं निळी भिंगरी राहते, तिथंच. हा योगायोग नाही. धुकं, पाऊस, खोल माती, मंद उतार, जे भिंगरीला हवं तेच लागवड कंपन्यांना हवं. क्वाझुलू-नातालमधला धुक्याच्या पट्ट्यातला निम्म्याहून जास्त माळ लागवड, ऊस आणि शेतीखाली गेला. आज दक्षिण आफ्रिकेत या पक्ष्याच्या काही डझन जोड्या उरल्या आहेत. जागतिक यादीत ती 'असुरक्षित' आहे, पण दक्षिण आफ्रिकेच्या स्वतःच्या यादीत 'अतिसंकटग्रस्त', म्हणजे नामशेष होण्याच्या एक पायरी अलीकडे.

इक्सोपोचं नाव वर आलं. अ‍ॅलन पेटनची 'क्राय, द बिलव्हेड कंट्री' ही १९४८ ची कादंबरी ज्यांनी वाचली असेल त्यांना ते आठवेल, कारण तिची सुरुवातच इक्सोपोजवळच्या गवताळ टेकड्यांच्या वर्णनानं होते. गवत आणि धुकं आहे म्हणून पाणी आहे, हे त्या लेखकाला कळलं होतं. गावाच्या नावाबद्दल असं सांगतात, की चिखलातून गुरांचे पाय निघताना जो चबकन आवाज येतो त्यावरून झुलू माणसांनी ते ठेवलं. म्हणजे गावाच्या नावातच ओली जमीन आहे.

आणि आता पाण्याचंच घ्या. आपल्याला शाळेपासून पाठ आहे, झाडं पाऊस आणतात, झाडं पाणी धरून ठेवतात. म्पुमलांगाच्या डोंगरकड्यावर मोकोबुलान नावाच्या जागी दक्षिण आफ्रिकेच्या वनसंशोधकांनी हे तपासून पाहिलं. शेजारशेजारची गवताळ पाणलोट क्षेत्रं घेतली. १९६९ साली एकात निलगिरी लावली. तिसऱ्या वर्षी ओढ्याचं पाणी मोजता येईल इतकं घटलं. नवव्या वर्षी ओढा पूर्ण आटला. दुसऱ्या क्षेत्रात १९७१ साली पाइन लावले. तो ओढा बाराव्या वर्षी आटला. मग निलगिरी सोळा वर्षांची झाल्यावर सगळी तोडली. पाणी लगेच परत येईल असं वाटेल, पण ओढा बारमाही वाहायला आणखी पाच वर्षं गेली. मुळांनी जमिनीच्या पोटातला साठा इतका खोलवर ओढून घेतला होता की तो भरायलाच तेवढा वेळ लागला.

हा कुणा पर्यावरणवाद्याचा भावनिक लेख नाही. हा आकडा तिथल्या कायद्यात पोचलेला आहे. दक्षिण आफ्रिकेच्या १९९८ च्या राष्ट्रीय पाणी कायद्यात व्यापारी वृक्षलागवडीला 'प्रवाह घटवणारी कृती' असं नाव दिलं आहे आणि तिला पाणी वापरणाऱ्या इतर उद्योगांसारखाच परवाना लागतो. झाड लावायला पाण्याचा परवाना! आपल्याकडे हे वाक्य मंत्र्यांसमोर म्हणून बघा.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, ही कागदाच्या कंपन्यांची गोष्ट झाली, निसर्गप्रेमानं झाडं लावणाऱ्यांचा यात काय संबंध? संबंध आहे, आणि तो दिवसेंदिवस वाढतोय.

२०१९ च्या जुलैमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. जगात आणखी ९० कोटी हेक्टरवर झाडांचं छत्र उभं करता येईल आणि हवामानबदलावर हा सगळ्यात परिणामकारक उपायांपैकी एक ठरेल, असा त्याचा सूर होता. बातमी जगभर गेली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्याच नियतकालिकात इतर शास्त्रज्ञांनी उत्तर दिलं, की हा कार्बनचा हिशेब जवळपास पाचपट फुगवलेला आहे आणि त्यात माळरानं, सव्हाना, टुंड्रासुद्धा झाडं लावण्याजोगी 'रिकामी' जागा म्हणून धरली आहेत. ती बातमी मात्र कुठेच गेली नाही. २०२० च्या जानेवारीत दावोसला लाखभर कोटी झाडांची घोषणा झाली. बड्या नेत्यांना आणि बड्या कंपन्यांना एकाच वेळी आवडणारा पर्यावरणाचा उपाय दिसला, की मला आधी शंका येते.

आफ्रिकेपुरतं बोलायचं तर २०१५ मध्ये पॅरिसच्या हवामान परिषदेच्या वेळी 'एएफआर १००' ही योजना सुरू झाली. २०३० पर्यंत आफ्रिकेतली १० कोटी हेक्टर जमीन 'पूर्ववत' करायची. पूर्ववत म्हणजे काय, तर बऱ्याच ठिकाणी झाडं लावायची. २०२४ मध्ये केट पार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या योजनेतल्या देशांच्या वचनांचा हिशेब मांडला. सुमारे ७ कोटी हेक्टर माळ आणि सव्हाना चुकीच्या 'पुनर्वनीकरणा'च्या धोक्यात आहे असं त्यातून निघालं. एवढ्या जमिनीत दोन महाराष्ट्र मावून वर जागा उरेल. जिथं वन कधी नव्हतंच, तिथं पुनर्वनीकरण कसलं करता?

गेल्या वर्षी ऑफिसनं माझं एक विमानाचं तिकीट काढलं. प्रवास झाल्यावर मला ईमेलनं एक प्रमाणपत्र आलं. हिरवी चौकट, पानाचं चित्र, आणि मजकूर असा की तुमच्या प्रवासाचा कार्बन भरून काढण्यासाठी पूर्व आफ्रिकेत तुमच्या नावानं तीन झाडं लावली आहेत. मी त्या कंपनीला कळवलं, कुठली झाडं, नेमकी कुठे, आणि तिथं आधी काय होतं? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर आलं नाही. तिसऱ्याला आलं: 'निकृष्ट जमीन'. हा शब्द कुणी ठरवला, कुठल्या ऋतूत बघून ठरवला, तिथं गुरं कोणाची चरत होती, हे विचारल्यावर संवाद संपला. मला एक सर्वेक्षणाची लिंक आली: तुमचा अनुभव कसा होता, एक ते पाच तारे द्या.

'निकृष्ट', 'पडीक', 'रिकामी' हे शब्द फार जुने आहेत. युरोपातून आलेल्या वनाधिकाऱ्यांना जंगल म्हणजे निसर्ग आणि गवत म्हणजे जंगल तोडून उरलेला अवशेष, असं शिकवलेलं होतं. आफ्रिकेचे विस्तीर्ण माळ पाहून त्यांनी निष्कर्ष काढला, की इथल्या लोकांनी आग लावून आणि गुरं चारून वनं संपवली असणार. केप टाउनचे विल्यम बाँड यांच्यासारख्या परिस्थितीकी शास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत हे उलटून दाखवलं. हे माळ माणसाच्या आधीचे आहेत, लाखो वर्षांचे. आग आणि चरणारी जनावरं ही त्यांच्यावरची आपत्ती नव्हे, ती त्यांची रीतच आहे. हिवाळ्याच्या अखेरीला माळ जळतो, पहिल्या पावसानं कोवळा फुटतो, आणि तेवढ्यात भिंगरी उत्तरेकडून येऊन पोचते.

फ्रँक व्हाइट नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९७६ मध्ये आफ्रिकेतल्या अशा वनस्पतींना 'जमिनीखालची जंगलं' म्हटलं होतं. काही झाडांनी आपलं खोड, फांद्या, सगळा संसार मातीखाली नेलेला असतो आणि वर फक्त वीतभर डहाळी. आग वरून निघून जाते, खालचं झाड जसंच्या तसं. माळावर उभं राहून 'इथं एकही झाड नाही' म्हणणाऱ्या माणसाच्या पायाखाली शतकाहून जुनं झाड असू शकतं.

टांझानियाच्या दक्षिणेला किटुलो नावाचं पठार आहे. निळ्या भिंगरीचं प्रजननस्थळ. २००५ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं, आणि तेही मुख्यतः फुलांसाठी, रानऑर्किडसाठी. तिथले लोक त्याला स्वाहिलीत 'बुस्तानी या मुंगू' म्हणतात, देवाची बाग. देवाच्या या बागेत बहुतेक सगळं गवत आहे. उलट मलावीच्या न्यिका पठारावर, जे या भिंगरीच्या सगळ्यात मोठ्या आधारस्थानांपैकी एक आहे, चेलिंडा इथे १९५० च्या दशकात कागदाच्या लगद्यासाठी पाइन लावले गेले. एवढ्या उंचावरून लाकूड खाली नेणं परवडेना, लगदा काही झाला नाही, पाइन राहिले. झिम्बाब्वेच्या न्यांगाकडे तर पाइन आणि वॉटलला कुणी लावायचीही गरज उरली नाही. त्यांचं बी वाऱ्यानं, पाण्यानं पसरतं आणि रोपं आपणहून माळ गिळत जातात.

आता समोरच्यांचे मुद्दे, कारण ते सगळेच पोकळ नाहीत. कागद, खांब, घरबांधणीचं लाकूड लागतंच, आणि लागवडीवर त्या प्रांतांत अनेक घरांची चूल पेटते. मान्य. असलेली लागवड उद्या उपटा असं कुणी शहाणा माणूस म्हणत नाही. लागवड कंपन्यांच्या मालकीच्या जमिनीतही न लावलेले तुकडे आहेत, आणि उरलेल्या भिंगऱ्यांपैकी काहींची घरटी अशा तुकड्यांत आहेत. तिथं वेळेवर माळ जाळून, घुसलेलं वॉटल उपटून ती सांभाळली जातात. ते काम चांगलं आहे आणि ते करणाऱ्यांना माझा नमस्कार. पण नवा माळ मोडायला या कारणाचा आधार घेता येत नाही. आणि मुळात जिथं जंगल होतं, म्हणजे त्याच डोंगरांच्या घळींतलं सदाहरित आफ्रिकी जंगल, ते तोडलं गेलं असेल तर तिथं ते जरूर परत आणा. पाइनच्या रांगांना त्या जंगलाचं नाव देऊ नका एवढंच.

कार्बनचा मुद्दा जास्त बोलला जातो, म्हणून तोही. माळाचा कार्बन बहुतांश मातीत आणि मुळांत असतो. वणवा आला तरी तो तिथंच राहतो. लागवडीचा कार्बन उभ्या लाकडात असतो. २००७ च्या कोरड्या हिवाळ्यात म्पुमलांगा, क्वाझुलू-नाताल आणि शेजारच्या तेव्हाच्या स्वाझीलँडमध्ये ज्या आगी लागल्या त्यात हजारो हेक्टर लागवड राख झाली. बँक म्हणून दाखवलेली तिजोरी लाकडाची निघाली.

तिसरा मुद्दा सहसा कुणी उघड बोलत नाही, पण तो असतो: पंधरा ग्रॅमच्या एका पक्ष्यासाठी एवढं? याला माझ्याकडे नम्र उत्तर नाही. ज्या प्रकल्पाला पंधरा ग्रॅमचा पक्षी आड येतो, त्याच प्रकल्पाला पुढे गुराखी आड येतो, ओढ्यावर पाणी भरणारी बाई आड येते. मोकोबुलानचा ओढा आटला तेव्हा तो फक्त भिंगरीपुरता आटला नव्हता.

आपल्याकडे हे काही वेगळं चाललेलं नाही. आपल्या सरकारी नकाशांत गवताळ जमिनीचा मोठा भाग 'पडीक' या रकान्यात जातो. २०१९ मध्ये राज्यानं ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं, तेव्हा एवढे खड्डे घ्यायला मोकळी जागा कुठे सापडणार होती? माळावरच. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य केलं १९७९ मध्ये, आणि त्याच मुलखातल्या माळांवर गिरिपुष्पाच्या रांगाही आपणच उभ्या केल्या. माळढोक आता महाराष्ट्रात जवळजवळ दिसेनासा झालाय. हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या, निळ्या भिंगरीच्या अगदी जवळच्या नात्यातल्या पक्ष्याला मराठीत माळभिंगरी म्हणतात. नाव ठेवणाऱ्याला माळ दिसत होता. आपल्याला तिथं फक्त वृक्षारोपणाची जागा दिसते, आणि खड्ड्याशेजारी तुकोबांचा अभंग छापलेला फलक.

मग काय करायचं, असा प्रश्न येईलच. पुढच्या वेळी कुठलं अ‍ॅप तुमच्या नावानं आफ्रिकेत झाड लावतो म्हणालं, किंवा कुणी रविवारी सकाळी टेकडीवर रोपं घेऊन बोलावलं, तर आधी विचारा: या जागेवर शंभर वर्षांपूर्वी काय होतं? आता इथं कोण चरतं, कोण घरटं करतं? पाऊस पडल्यावर इथं काय उगवतं? उत्तर 'काहीच नाही' असं आलं तर समजा, की त्या माणसानं पावसाळ्यात खाली वाकून बघितलेलं नाही. पैसे द्यायचेच असतील तर उरलेला माळ राखणाऱ्यांना, वॉटल उपटणाऱ्यांना द्या. फोटो चांगला येणार नाही, एवढी तयारी ठेवा.

ही घाई का, तेही सांगते. आटलेला ओढा पाच वर्षांत परत आला. माळ तसा परत येत नाही. क्वाझुलू-नातालच्या किनाऱ्यालगत सेंट लुशिया सरोवराच्या पूर्वेला पाइनची लागवड काढून टाकल्यावर तिथं काय उगवलं, ते निकोलस झालूमिस आणि बाँड यांनी तपासलं. गवत आलं. लांबून बघणाऱ्याला माळ पुन्हा उभा राहिल्यासारखा वाटला. पण मातीखाली कंद आणि जाड मुळं धरून बसणाऱ्या, जळल्यावर पुन्हा फुटणाऱ्या जुन्या फुलझाडांपैकी बहुतेक आलीच नाहीत, लागवड काढून वर्षं उलटली तरी. पाइनच्या सावलीत ती एकदा मेली ती मेली. त्यांचं बी दूर जात नाही, आणि त्यांची रोपं कुठल्या अभियानात कुणी वाटत नाही.